घड्याळाला नेलपॉलिश

नेलपॉलिशचं झाकण उघडलं की तो उग्र वास येतो आणि मी रिसोडच्या आमच्या मधल्या खोलीत जाऊन बसते. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांचं स्टीलचं घड्याळ मी हातात घालायला लागले आणि मनगटावर लाल चट्टा उठला, त्यातून पाणी यायला लागलं. वाशीमचे डॉक्टर म्हणाले, धातूतल्या निकेलची ॲलर्जी आहे; हेच घालायचं असेल तर आधी चट्टा बरा होऊ द्या आणि मग घड्याळाला आतून बिनरंगाची नेलपॉलिश लावा. बांगड्यांच्या दुकानात आईने ती मागितली, तेव्हा दुकानवाली तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघतच राहिली. आई शांतपणे म्हणाली, "पोरीच्या बाबाचं घड्याळ हाये, तिच्या हाताले चावते." घरी तिने घड्याळ मांडीवर पालथं घेतलं आणि पट्ट्याच्या एकेका कडीवर जपून नेलपॉलिशचा हात दिला. शेवटी ब्रशवर थोडी उरली. बाबा गेल्यापासून साधी टिकलीही न लावलेल्या आईने ती आपल्या करंगळीच्या नखाला लावली. मी बघतेय हे पाहून म्हणाली, "रंगच नाई, त कोणाले दिसते?" आणि वाळेपर्यंत नखावर हळूहळू फुंकर घालत बसली. आता आईही नाही. थर झिजला की मनगट खाजायला लागतं, मग मी तसंच घड्याळ पालथं घेऊन बसते. लावून झालं की चावणं थांबतं. ब्रशवर मात्र दर वेळी थोडी उरतेच.