चौसष्ट पायऱ्या आणि अकरा अर्ज

आमच्या घरासमोरच्या मेट्रो स्टेशनात उतरायला चौसष्ट पायऱ्या आहेत. सरकता जिना आहे, पण तो फक्त वर येतो. खाली जायचं ज्याचं त्याने बघावं. आणि लिफ्ट? आहे की! तिच्यासाठी जमिनीखाली चौकोनी विहीर खणून तयार आहे. फक्त ती वर येते इस्त्रीवाल्याच्या दुकानाखाली. मोकळी जागा रस्त्याच्या उजव्या हाताला आणि विहीर डाव्या हाताला. इस्त्रीवाला दुकान सोडत नाही, आणि त्याने का सोडावं? शेवटी विहिरीच्या तोंडावर सिमेंटचा जाड थर ओतून सगळे हात झटकून मोकळे झाले.

या लाइनचे नकाशे माझ्या बाबांनी काढलेत. ते ड्राफ्ट्समन. अक्षर असं, की ऑफिसात त्यांना ‘छापखाना’ म्हणत. पहिली नऊ स्टेशनं त्यांनी हाताने, शाईने, पारदर्शक कागदावर काढली. तेव्हा चार डब्यांची गाडी रिकामी धावायची आणि लोक हसायचे. पंचवीस वर्षांत नवाची एकतीस स्टेशनं झाली, चाराचे आठ डबे झाले, तरी सकाळी दारात पाय ठेवायला जागा नसते. पुढच्या प्रत्येक स्टेशनात पहिल्या दिवसापासून लिफ्ट. जुन्या आठांतही लिफ्ट. नाही ती फक्त आमच्याकडे. नकाशा काढणाऱ्याच्या बायकोनेच तेवढं घरी बसायचं!

आईचे गुडघे अकरा वर्षांपूर्वी गेले. मावशी सात स्टेशनं पलीकडे राहते आणि तिला आता जवळजवळ दिसत नाही. टॅक्सीने जावं तर दीड तास लागतो, आणि आईला दहाव्या मिनिटाला उलट्या सुरू होतात. दोन म्हाताऱ्या बहिणी रोज फोनवर बोलतात. मावशी म्हणते, “तुझा आवाज येतो गं, पण तू येत नाहीस.” मग आई फोन ठेवून उगाच कपाट आवरायला घेते. ते बघून माझं डोकं फिरतं.

म्हणून दरवर्षी मी मेट्रोला अर्ज करते. उत्तर ठरलेलं. स्टेशन विभाग म्हणतो चूक रस्ते विभागाची, रस्ते विभाग म्हणतो चूक स्टेशन विभागाची. कोणाची ते एकदा ठरलं, की ज्याची चूक त्याने उजवीकडे नवी विहीर खणायची. अकरा वर्षं फाइल इकडून तिकडे फिरते आहे. मीही चिडून दरवेळी शेवटी लिहायची, ‘ज्याने हा घोळ घातला त्या माणसाला एकदा समोर आणा.’ मजकूर माझा, पक्की प्रत बाबांची. मी विचारायची, “बाबा, अजून कडक करू का?” ते म्हणायचे, “कर.” आणि ते वाक्य मोत्यासारख्या अक्षरात उतरवायचे.

गेल्या महिन्यात लाइनला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्टेशनात जुन्या नकाशांचं प्रदर्शन लागलं. बाबा म्हणाले, “मला जमणार नाही, कंबर धरलीय.” मी एकटीच गेले. आमच्या स्टेशनचा नकाशा काचेमागे होता. तेव्हा प्रत्येक गोष्ट वेगळ्या पारदर्शक कागदावर काढत आणि ते कागद एकावर एक ठेवून छाप घेत. छापात सगळं सरळ होतं. उलटी होती ती फक्त लिफ्टची चौकट, आणि तिच्याशेजारी, आरशात दिसावी तशी, बाबांची सही. ती सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं होती. मला ओळखायला वेळ लागला नाही. लिफ्टचा तेवढा कागद पालथा पडला होता. त्याखाली सहा साहेबांच्या सह्या, आणि एकालाही ते दिसलं नव्हतं!

घरी येऊन मी भडकलेच. “तुम्हाला माहीत होतं?”

“विहिरीसाठी वर रस्ता फोडायला घेतला, त्या दिवशी कळलं,” बाबा म्हणाले. “तेव्हा नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. नंतर तुझे अर्ज सुरू झाले.”

“अहो, मग सांगायचं ना! तुमच्या एका ओळीने फाइल सुटली असती!”

आई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिचं तोंड लाल झालं होतं. “अकरा वर्षं,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीचे डोळे गेले तोवर.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःच अर्ज लिहिला. चार ओळींचा. कागद पालथा मी ठेवला, चूक माझी, म्हणजे स्टेशन विभागाची. खाली नाव, हुद्दा, सही. तो त्यांनी आईपुढे धरला. छापखान्याचं अक्षर पहिल्यांदाच ओळ सोडून गेलं होतं.

आईने चष्मा लावून दोनदा वाचला आणि कागद परत त्यांच्या अंगावर टाकला.

“पक्का करा,” ती म्हणाली. “आणि या वेळी सुलटा धरा.”