भगरीचे रोजे

येरमाळ्यापासून दोन कोसांवरच्या एका वाडीत मुसलमानांचं घर एकच होतं, दादामियाँ कल्हईवाल्याचं. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी दादामियाँ कामाच्या शोधात हैदराबादला गेला. त्याचं एक पत्र आलं, पुढं काही आलं नाही. त्याची बायको हसीनाबी वर्षभरात क्षयानं गेली. मागं राहिली आठ वर्षांची सायरा.

शेजारी कस्तुराबाई राहायची. मराठ्याची विधवा, मूलबाळ नाही, पाच एकर कोरडवाहू. हसीनाबीनं शेवटच्या दिवसांत तिच्याकडून शब्द घेतला होता, "लेकराला आमच्या रीतीत वाढवा, अक्का." कस्तुराबाईनं शब्द दिला. रीत म्हणजे नक्की काय, हे विचारायचं राहून गेलं.

तिनं सायराला घरात आणलं ते रीतीसकटच. सायराचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. देवघराच्या उंबऱ्याआत यायचं नाही. येडाईदेवीचा प्रसाद घरात आला की कस्तुराबाई म्हणायची, "तुला न्हाय ह्यो. तुझ्या आईला काय सांगू म्या?" दिवसातून पाच वेळा ती पोरीला डोक्यावर पदर घेऊन मावळतीकडं तोंड करून बसवायची. "येतंय ते म्हण." सायराला बिस्मिल्ला तेवढं येत होतं. ती तेच पुन्हा पुन्हा म्हणायची.

दुसऱ्या वर्षी बांगड्या विकायला आलेल्या मुसलमान मणेराला कस्तुराबाईनं रोज्यांचं विचारलं. तो गाठोडं बांधता बांधता म्हणाला, "महिनाभर असत्यात. दिवसा पाणीबी चालत न्हाय. पहाटं अन् सूर्य बुडाल्यावर तोंडात घालायचं. ईदला सुटत्यात."

एवढं पुरेसं होतं. उपासाचं कस्तुराबाईला कुणी शिकवायला नको होतं. उपास ईदला सुटणार म्हणजे तोवर धान्य नाही. पहाटे दळायला उठली की ती पोरीला भगर आणि ताक द्यायची. संध्याकाळी पुन्हा भगर, भाजलेल्या शेंगा, गुळाचा खडा. तो महिना ऐन उन्हाळ्यात यायचा. स्वतःची भाकरी ती मागच्या पडवीत, पोरीकडं पाठ करून खायची. ईदला शेवयांची खीर, मग गव्हाची पोळी. असे सात रमजान झाले. सायराला यात काही कठीण वाटलं नाही, कारण दुसरा रमजान तिनं पाहिलाच नव्हता.

सोळाव्या वर्षी सायराचं लग्न उस्मानाबादच्या जैनोद्दीनशी झालं. तो कलेक्टर कचेरीत शिपाई होता. लग्न जमवायला कस्तुराबाई स्वतः तीनदा एस.टी.नं गेली होती.

सासरच्या पहिल्या रमजानला संध्याकाळी सायराबीनं खजूर खाल्ला, ती पाणी प्यायली, आणि ओच्यातल्या शेंगा सोलायला लागली. रोटीला हात लावेना. सासू सकिनाबी बघत राहिली.

"क्या गे बहू, रोटी में काँटे हैं क्या?"

"अजून ईद व्हायचीय की, अम्मा."

सकिनाबीला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी साऱ्या मोहल्ल्याला कळलं की जैनोद्दीनची बायको हिंदूंचे रोजे धरते. शेजारणी येऊन विचारायच्या, आज एकादशी का गं? सायराबी तीन दिवस कुणाशी बोलली नाही. जैनोद्दीननं मौलवींना विचारलं. ते म्हणाले, रात्री जे हलाल आहे ते सगळं खावं, पण शेंगा खाल्ल्यानं रोजा काही मोडत नाही. सायराबी मग एक रोटी खाऊ लागली. मटणाला मात्र ईदपर्यंत शिवायची नाही. सासूनं बोलून बोलून सोडून दिलं.

बासष्ट साली कस्तुराबाईचा निरोप आला. मोतीबिंदू काढायला सरकारी दवाखान्यात यायचं होतं, आदल्या दिवशी मुक्काम सायराकडं. नेमका रमजान चालू होता.

सायराबी सासूपुढं जाऊन बसली. "अम्मा, मावशीला रोज्यांचं काही बोलू नका. तिनं माझ्या आईला शब्द दिलाय. तो मोडला असं तिला वाटेल. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात जाईल तिच्या लेखी."

"म्या आपणहून बोलणार न्हाय. पण विचारलं तर रोज्यात खोटं बोलू का?"

कस्तुराबाई दुपारी आली. येताना तिनं पाण्याचा तांब्या, भाकरी बांधलेलं फडकं, आणि सायराच्या रोज्यांसाठी पायलीभर भगर आणली होती. संध्याकाळी दस्तरखान पसरलं तेव्हा ती दाराशी आपल्या पोत्यावर बसून होती. एका डोळ्यानं तिला अंधुक दिसायचं, पण वास येत होता.

"ईहीनबाई, आज ईद हाय का?"

"न्हाय. ईदला अजून नऊ दिवस हायेत."

"मग हे मटण?"

सकिनाबीनं सुनेकडं एकदा पाहिलं. "रातीला सगळं चालतं, बाई. रोटी, मटण, सगळं. मोहल्ल्यात सगळेच खातात."

कस्तुराबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "मग माझ्या हातनं हिचे सात सालाचे रोजे मोडले व्हय?"

"मोडले कशाला? मोडले न्हाईत. उपाशी मारलं तुमी लेकराला, एवढंच."

"उपाशी न्हाय. भगर व्हती."

"मौलवीसाहेबांना विचारलंय. रोजे झालेत सगळे."

"सगळे?"

"सगळे."

कस्तुराबाईनं पदरानं डोळा पुसला. त्या डोळ्यातून तसंही पाणी यायचं. "मग खा की गं सायरा. म्या हाय म्हणून थांबू नकं."

सायराबीनं रोटीचा तुकडा मटणाच्या रश्श्यात बुडवला. कस्तुराबाई वाकून, चांगला डोळा तिच्याकडं करून बघत होती. सायराबीनं पूर्ण रोटी खाल्ली, दुसरी घेतली, तीही संपवली. तेव्हा कुठं कस्तुराबाईनं आपलं फडकं सोडलं आणि भाकरी खाल्ली.

डोळा चांगला झाला. कस्तुराबाई वाडीला परत गेली. ईदपर्यंत सायराबी घरातल्या सगळ्यांसारखी जेवली.

पुढच्या रमजानला ती चार दिवस तशीच जेवली. पाचव्या दिवशी तिनं भगर शिजत घातली. जैनोद्दीन म्हणाला, "आता तुझी मावशीसुद्धा खा म्हणाली. मग काय?"

"भरल्या पोटानं नमाजला उभी राहिले की दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेल्यासारखं वाटतं," सायराबी म्हणाली. "दुवा काय मागायची ते सुचत नाही."

सकिनाबी आतून ऐकत होती. शुक्रवारी ती वाण्याकडं गेली आणि इतर सामानात दोन किलो भगर सांगितली.

"उपासाची भगर तुमच्या घरात कुणाला?" वाण्यानं विचारलं.

"सुनेला. तिच्या रोज्याला लागते." आणि घरातली बाकी माणसं रीतीप्रमाणं जेवतात, हेही तिनं त्यानं न विचारता सांगितलं.