आबांच्या मायेविषयी

गेल्या महिन्यात इंदापूरहून दोन तरुण माझ्याकडे आले. चांगल्या घरातली, नीट बोलणारी मुलं. आबांच्या आठवणींचं पुस्तक निघणार आहे, त्यात मी दोन पानं लिहावीत अशी त्यांची इच्छा. विषयसुद्धा त्यांनीच ठरवून आणला होता, 'आबांची माया'. म्हणाले, "गुरुजी, आबांनी कधी कुणाला परकं मानलं नाही. अनोळखी माणसालासुद्धा बाळा, लेकरा म्हणूनच हाक. तुमच्याइतकं ते कुणी अनुभवलं नसेल."

खरं आहे, माझ्याइतकं कुणी अनुभवलं नाही. म्हणून लिहितो आहे. ते छापणार नाहीत, हे ठाऊक असून लिहितो आहे.

आबा आमच्या गावचे मोठे बागायतदार. कालव्याच्या तोंडाशी जमीन, सगळा ऊस, गावातली अर्धी माणसं त्यांच्या शब्दात. मी प्राथमिक शिक्षक. आमचं घर छप्पन सालानंतर धम्मात आलेलं, आणि त्या शाळेत आमच्यातला मी पहिलाच गुरुजी. रुजू झालो त्या दिवशी मुख्याध्यापक मला आबांच्या ओसरीवर घेऊन गेले. आबा माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे असतील. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "कुठलं रं तू लेकरा? बरं बरं, बस." मुख्याध्यापकांना खुर्ची मिळाली. मला 'लेकरा' मिळालं आणि ओसरीची पायरी.

ते लेकरूपण मला नोकरीभर पुरलं. पंधरा ऑगस्टला सगळी शाळा रांगेत उभी असताना आबा ओरडायचे, "ए लेकरा, वढ की दोरी!" मी हसत दोरी ओढायचो. पोरं मला मागून 'लेकरू गुरुजी' म्हणायची, तेही कानावर होतं. आबा गावातल्या इतरांना तात्या म्हणत, अमुकराव म्हणत. त्यांचा स्वतःचा थोरला कॉलेजातून सुटीवर आला की, "या सरकार!" माझी बायको एकदा म्हणाली होती, "पोटच्या लेकराला सरकार म्हणतोय आणि तुमाला लेकरू. कसली माया ही?" मी तिला गप्प केलं. मोठा माणूस जवळचं समजतो, आणखी काय पाहिजे, असं मी स्वतःला सांगत आलो होतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी मुलगी इंजिनिअर झाली आणि तिची पहिली नेमणूक आमच्याच भागातल्या कालव्यावर झाली, शाखा अभियंता म्हणून. पाण्याची पाळी लावणं हे तिचं काम. पाळीचा नियम साधा. कालव्याच्या शेवटच्या गावाला, टेलला, पाणी आधी द्यायचं आणि मग वर वर येत तोंडाच्या गावांना. तोंडाशी बसलेल्यांनी आधी भिजवून घेतलं तर टेलपर्यंत ओलही पोचत नाही. नियम सगळ्यांना पाठ होता. आधीचे साहेब तो लावायचे, लोक कुरकुरायचे, पण थांबायचे.

त्या दिवशी रविवार होता. मी तिचा डबा घेऊन कालव्याच्या चौकीवर गेलो होतो. पाळीचं विचारायला पंधरा-वीस शेतकरी जमले होते. आबांची जीप आली.

"कुठं हाय सायेब?"

पाटकऱ्यानं, म्हणजे गेट उघडणाऱ्या माणसानं, मुलीकडे बोट केलं. "ह्या काय म्याडम."

"ही?" आबा मोठ्यानं हसले. "आरं, ही तर चिमणीएवढी हाय! काय गं चिमणे, आमाला पानी कवा सोडतीस?"

सगळी चौकी हसली. तिनं शांतपणे खुर्ची पुढे केली. "बसा. टेलच्या गावांचं भिजून झालं की तुमचं गेट उघडेल. आणि मला चिमणी म्हणू नका. आधीच्या साहेबांना साहेब म्हणत होता, मलाही तसंच काही म्हणा."

"आगं, मायेनं म्हनलो. लेकीएवढी तू माझ्या. राग आला व्हय?"

"राग नाही. पण आपली ओळख आत्ताच होतेय. हे नको."

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, जपून! चिमणी चोच मारती!" पुन्हा हशा. मीही हसलो. डबा हातात धरून उभा होतो आणि हसलो.

एका शब्दानं काय होतं, असं विचारणाऱ्यांनी पुढचं ऐकावं. आठवड्याभरात पाटकरी तिच्यामागं 'चिमणी म्याडम' म्हणायला लागला. नंतर तोंडावर. मग तोंडाच्या गावचे लोक पाळी नसताना गेट उचलायला लागले. तिनं जाऊन पकडलं तर, "आगं पोरी, वाईच उचललं. रुसू नगं." पंचनामा करायला आलेल्या अधिकाऱ्याला रुसू नको म्हटलं की पंचनामा राहतो बाजूला, उरतं ते फक्त पोरीचं रुसणं. आधीच्या साहेबांना 'रुसू नका' म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी तिनं गेटला कुलूप घातलं आणि चावी स्वतःजवळ ठेवली. त्या पाळीला टेलच्या गावाच्या चारीत पुन्हा पाणी दिसलं.

आणि आबा माझ्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी हाक मारली, "गुरुजी, हाय का घरात?"

गुरुजी! इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी माझ्यासाठी ऐकला नव्हता. मी धावत गेलो. त्यांनी आमच्यात बसून चहा घेतला. "गुरुजी, तुमची पोरगी हुशार हाय, वाद न्हाय. पर चार मान्सांत तिनं माझा पानउतारा केला. गुरुजी, तुमी तिला घिऊन या चौकीवर. आबा, चुकलं, एवढं म्हनू द्या. गावात तुमचा मान हाय, माझा हाय, दोगांचाबी राहील."

माझ्या मानाची किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती. मलाच ती ठाऊक नव्हती. एका शब्दात मी विकला गेलो.

मुलगी संध्याकाळी घरी आली. मी म्हणालो, "बापाच्या वयाचा माणूस. चिमणी म्हणाला तर अंगाला भोकं पडली का? परवा इंदापूरच्या बाजारात ती मेथीवाली तुला 'बाय माझी' म्हणाली, तेव्हा हसलीस. ती कुठं तुझ्या ओळखीची होती?"

"ती सगळ्यांनाच म्हणते, बाबा. माझ्यानंतर फौजदारीणबाई आल्या, त्यांनाही बाय माझीच म्हणाली. आबा फौजदाराला काय म्हणतात?"

"ते वेगळं."

"तेच म्हणतेय मी. ते वेगळं आहे."

"मी एवढी वर्षं लेकरा ऐकून घेतलं. माझं काय बिघडलं?"

ती म्हणाली, "मी त्याच शाळेत होते, बाबा. पोरं तुम्हाला काय म्हणायची ते मी वर्गात बसून ऐकलंय."

मी आवाज चढवला. तिच्या शिक्षणासाठी काय काय केलं ते काढलं. शेवटी म्हणालो, "मग माझ्यासाठी म्हणून चल." ती आली.

चौकीवर त्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त माणसं होती. कुणी बोलावली ते विचारायची गरज नव्हती. ती आबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, चुकलं." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "झालं गं चिमणे, मनात न्हाय माझ्या काय. आन ती चावी आता आबाकडं." तळहात पुढे केला. तिनं चावी दिली.

गेट तिथल्या तिथं उचललं गेलं. लोक पांगले. मी निघालो तर जीपमधून हाक आली, "ए लेकरा! चल, सोडतो तुला घरापातूर."

चावी हातात आल्यावर गुरुजी संपले होते. आणि मी जीपमध्ये बसलो. मुलगी कालव्याच्या कडेनं चालत गेली.

पाणी अर्ध्यातच तुटलं. टेलच्या लोकांची ज्वारी पोटऱ्यात, कणीस बाहेर पडायच्या बेतात होती, ती उभी करपली. ते चौकीवर आले तेव्हा शिव्या खायला तीच एकटी होती. त्यांच्यातली एक म्हातारी शिव्या न देता म्हणाली, "बाय माझी, तुज्यावर भरवसा ठिवला व्हता गं." हे मला पाटकऱ्यानं सांगितलं, हसत हसत. त्यानंतर तिनं स्वतः बदली मागून घेतली, बारामतीच्या कार्यालयात, नकाशांच्या कामावर. तिथं शेतकरी यायचे नाहीत. पुन्हा कधी तिनं कालव्यावरचं काम मागितलं नाही.

गावात वेगळीच गोष्ट झाली. गुरुजीच्या पोरीला ताठा नडला. वडीलधाऱ्यानं मायेनं हाक मारली तर अंगावर गेली, वरून बदली झाली. ही गोष्ट लग्नात सांगितली गेली, बारशाला सांगितली गेली. माझ्यासमोर सांगितली गेली आणि मी म्हणायचो, "जरा तापट आहे ती." हे खोटं होतं. ती तापट नव्हती. त्या सगळ्या प्रकरणात आवाज एकाच माणसानं चढवला, तो मी.

आता मी म्हातारा आहे. भिगवणच्या हॉटेलातला वाढपी मला "या बाबा" म्हणतो, एसटीत कुणी अनोळखी पोरगी "आजोबा, बसा" म्हणून जागा देते. मला बरं वाटतं. त्यांना माझ्याकडून काही काढून घ्यायचं नसतं. गोड हाकेबद्दल माझी तक्रार नाही. आबांची हाक गोडच होती. पण ती मारली की समोरचा माणूस खाली बसायचा, आणि आबा त्याच्या जागेवर हात टाकायचे. त्या दोन मुलांनी याला माया म्हणावं, मी म्हणणार नाही. आबा गेले म्हणूनही म्हणणार नाही.

हे लिहून झाल्यावर मुलीला पुण्याला फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं. ती आता निवृत्त आहे. मला वाटलं म्हणेल, कशाला आता हे, राहू दे.

"एक राहिलं," ती म्हणाली. "तिनं चावी दिली, असं लिहिलंय तुम्ही. त्याआधी मी तुमच्याकडं बघितलं होतं."

मी पेन उचललं.

"तुम्ही नाही म्हणाला असता तर दिली नसती, बाबा. तुम्ही मान हलवलीत."

हलवली होती. तेही लिहिलं.