पत्रुजीचा अकरावा टेक

दुपारची झोप चोरटी असते. रात्रीची कशी दार वाजवून येते. ही मागच्या भिंतीवरून उडी मारते. ज्योत्स्ना मेश्राम एडिटिंगच्या खोलीत सतरंजीवर जरा पाठ टेकते, एवढंच. एसीची घरघर चालू आहे. समोर मॉनिटरवर एक म्हातारा एका पायावर थिजून उभा आहे. नोएल, तिचा एडिटर, भुर्जीपाव खायला खाली गेलाय. जाताना सांगून गेलाय, "मॅडम, चारला पिक्चर पाठवायचाय. अकरावा टेक ठेवायचा की नाही, तेवढं ठरवून ठेवा."

ती डोळे मिटते. ठरवायला म्हणून.

आता ही अकराव्या टेकची भानगड आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही चाचपडत बसाल.

मॉनिटरवरचा म्हातारा म्हणजे पत्रुजी नन्नावरे. पूर्व विदर्भातला, वडश्याकडचा, दंडारीत नाचणारा. दंडार म्हणजे झाडीपट्टीतला गावचा खेळ. नाच, गाणं, सोंग, सगळं एकातच. ज्योत्स्ना सात वर्षांची होती तेव्हा पहिलं पाऊल त्यानंच तिला शिकवलं. पुढं पोरगी दिल्लीला नाट्यशाळेत गेली, शिकून बाहेर पडली. चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नाच बसवले, मग स्वतःचे. मग नाटकं. एक पडलं, एक चाललं, एकाला माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त. आणि आता हा पहिला सिनेमा. शेवटच्या नाचाला माणूस हवा होता, तर ती सरळ गावी गेली, पत्रुजीच्या दारात. अडुसष्ट वर्षांचा गडी. धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, अकरा वेळा नाचला. अकराव्या वेळी पाय अडखळला, हात छातीवर गेला, आणि पठ्ठ्यानं त्या हाताचीच अदा करून टाकली. युनिटमधली माणसं रडली. तिसऱ्या दिवशी पत्रुजीला दवाखान्यात नेलं, तो काही परत आला नाही.

निर्माता म्हणतो, हाच शॉट आपल्याला वर नेणार.

एवढी गोष्ट. आता तिच्या झोपेत चला.

"वो जोसना."

मॉनिटरवरचा पाय खाली टेकतो. पत्रुजी सतरंजीच्या कडेला येऊन उकिडवा बसतो. तोंडाला पांढरा रंग आहे, पण अर्ध्याच बाजूला.

"दुपारची कायले झोपून राहिली? दिल्लीत हेच शिकवलं का?"

"मामा, तुम्ही..."

"मेलो ना. माहीत आहे मले. तू नको सांगू."

ती उठून बसते तर खाली सतरंजी नाही, लाकडी फळ्या आहेत. नाट्यशाळेतली तालमीची खोली. एका भिंतीला छतापर्यंत आरसा. आरशात पत्रुजी एक नाही, अकरा आहेत. पहिला ताठ, मिशीत हसणारा. पाचव्याचं पोट भात्यासारखं खालीवर होतंय. आठवा गुडघ्यावर हात टेकून. अकराव्याकडं ती बघत नाही.

"इथं काय शिकली वो?"

"दम राखायला. तालमीत सगळा जोर लावायचा नाही. अर्ध्या अंगानं करायचं, पाऊल नुसतं दाखवायचं. खरा जोर खेळाच्या वेळी."

"अस्सं? अन् दुसऱ्यांलेबी सांगत असशीन हे?"

"सगळ्यांना सांगते. माझं पहिलं वाक्यच ते असतं."

"मले नाई सांगतलं."

ऊन उतरत होतं, कॅमेरावाला घाई करत होता, माझ्या डोक्यात शंभर गोष्टी होत्या. सगळी कारणं तिच्या ओठांपर्यंत येतात आणि तिथंच वाळतात. झोपेत कारणांना आवाज फुटत नाही.

"इसरली?"

"नाही."

"मंग?"

"तुम्ही अर्धं नाचला असता, तर अर्धंच दिसलं असतं."

पत्रुजी मान हलवतो. रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो विडीसाठी बंडीचा खिसा चाचपतो. खिशातून हात बाहेर निघेपर्यंत दोघं एका थिएटरात उभी आहेत. खुर्च्याच खुर्च्या, आणि रांगांमधून धानाची खुंटं उगवलेली. पायाला टोचतात.

"हे तुहं नाटक का? लोक कुठं गेले?"

"आलेच नव्हते."

"आमच्या दंडारीले कुत्रे तरी येते."

तिला हसू येतं. झोपेत, सतरंजीवरही ती हसली असणार. पत्रुजी पहिल्या रांगेत टेकतो, खुर्ची मोडेल की काय अशा बेतानं.

"आमच्यातली रीत तुले ठाऊक आहे."

ठाऊक आहे. दंडारीत एकदा पाय उचलला की पडदा पडेपर्यंत नाचणाऱ्यानं थांबायचं नाही. विंचू चावो, घरून सांगावा येवो. आपणहून थांबणं म्हणजे मंडपाचा अपमान. थांबवायचं काम पडदेवाल्याचं. म्हणून पडदेवाला नेहमी जुना माणूस असतो; नाचणाऱ्याचा श्वास त्याला लांबून ऐकू येतो.

"बांधीत मी पडद्याचीच वाट पाहून राहिलो होतो," पत्रुजी म्हणतो. "तू म्हणे कट. मले वाटलं, हाच पडदा असंन. थांबलो. तं तू म्हणे, पुन्हा. नाच केला, नाटक केलं, शिनेमा केला. तिन्ही ठिकानी 'सुरू करा' म्हनाचंच शिकली का वो?"

ती खाली बघते. मग चारचा आकडा डोक्यात ठणकतो आणि ती विचारून टाकते, "मामा, अकरावा ठेवू का?"

पत्रुजीचे डोळे एकदम लकाकतात. "चांगला होता का पन?"

"त्याच्याएवढं चांगलं मी काही पाहिलंच नाही आजवर."

अर्धं रंगलेलं तोंड खुलतं. कलाकार मेला तरी दाद सोडत नाही. "मंग ठेव ना!"

तिच्या छातीवरचा धोंडा उतरतो. परवानगी मिळाली. झालं.

पत्रुजी उठतो, धोतराचा काचा आवळतो. "पन जितक्या खेपा दाखवशीन, तितक्या खेपा मले यावं लागंन. हात छातीवर न्यावा लागंन. दुखते वो ते. चौथ्या खेपेपासून दुखत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पडदा कुठं पडला होता?"

खुर्च्या नाहीत. बांधी आहे, पांढरंफटक ऊन आहे. ढोल कुठून वाजतोय कळत नाही. पत्रुजी पाय उचलतो. तीच गिरकी, तोच झोक, पाय अडखळतो, हात छातीवर जातो. बोटं पसरतात, फुलासारखी. सुंदर. पुन्हा पहिल्यापासून. गिरकी, झोक, छाती. पुन्हा. रंग घामानं वाहून गेलाय, खालचा चेहरा राखेच्या रंगाचा.

"कट!" ती ओरडते. "मामा, कट!"

त्याला ऐकू जात नाही. तो तिच्याकडं बघतही नाही. बांधाच्या दिशेनं बघत नाचतोय.

ती तिकडं पळते. बांधावर दोन बांबू, वर गुंडाळलेला पडदा, खाली लोंबणारा काथ्याचा दोर. ती दोर धरून ओढते. अडकलाय. ती सगळं अंग टाकते. दोर मुठीतून सरकतो, कातडी सोलत जातो, ती सोडत नाही. पडदा गचके खात उतरतो. पत्रुजीचं डोकं झाकतो. छातीवरचा हात झाकतो. कंबर झाकतो. खाली नुसते पाय उरतात, आणि ते अजून चालू आहेत. एक. दोन. एक. दोन.

पडद्याची कड मातीला टेकते.

पाय थांबतात. पलीकडून एक उसासा येतो, ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा.

"मॅडम, चहा." नोएल दारात उभा आहे. "पावणेचार झाले. अकरावाच ना?"

"नाही. तिसरा घे."

"तिसरा? त्यात काही होतच नाही हो. म्हातारा मजेत नाचतो आणि संपतं."

"तोच."

"आणि अकरावा?"

"उडव. सगळीकडून."

नोएल चहा खाली ठेवतो. "निर्माता तुम्हाला पुन्हा काम देणार नाही, माहितीये ना? असा शॉट परत जन्मात मिळायचा नाही."

"मिळू नये."

"मग तुम्हीच दाबा. माझ्यानं नाही व्हायचं."

ती कीबोर्डकडं उजवा हात नेते आणि नोएल एकदम पुढं येतो. "अहो, हे काय झालं?"

तळहातावर आडवा लाल पट्टा आहे, कातडी सोललेली. रक्त नुकतंच पाझरायला लागलंय, आणि त्यात काथ्याचा एक धागा रुतलाय. बोटं मिटत नाहीत.

ती डाव्या हातानं बटण दाबते.