अम्माच्या कोंबड्या आणि मंत्रालयाची नियमावली

मी कंपनीचा पीआरओ. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या फॅक्टरीत सगळ्यांच्या व्हिसाची कामं माझ्याकडे. कुणी मोबाइलवर नव्या कायद्याची बातमी नाचवत आला, की माझं ठरलेलं उत्तर: "हबीबी, कायदा झाला म्हणजे काम झालं नाही. आधी नियमावली येऊ दे, मग बोल."

आणि नेमकं मीच शेण खाल्लं! आईवडिलांना जास्त काळ ठेवून घेता येईल असा कायदा निघाला, त्याच दुपारी मी रत्नागिरीला अम्माला फोन लावला. "खलास! आता तू इथंच राहायचं." मंत्रालयाने तीन महिन्यांत नियम करावेत, असं कायद्यातच लिहिलेलं, म्हणून मी निर्धास्त. अम्माने पाचही कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या आणि आठवड्याभरात तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाखल झाली.

रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न, "आले का रे नियम?" कायद्यातली तीन महिन्यांची मुदत सरली, नियमांचा पत्ता नाही. व्हिसा काउंटरवरचा माणूस बिचारा हसून म्हणायचा, "सर्क्युलर नाही आलं, भाई." मला इतका संताप यायचा, पण चिडू कुणावर? हेच वाक्य मी लोकांना वर्षानुवर्षं ऐकवत आलोय.

मग इथल्या संसदेच्या, म्हणजे फेडरल कौन्सिलच्या, एका सदस्याने मंत्र्यांना भर बैठकीत विचारलं, मुदत उलटली, नियम कुठे आहेत? आम्ही सगळे टीव्हीसमोर. माझी मुलगी शाळेत अरबी शिकते, तिने मंत्र्यांचं उत्तर सांगितलं, "दादी, he says final stage."

"म्हणजे भात शिजतोय," अम्मा म्हणाली, "फक्त चूल पेटवायची राहिलीय."

अम्माच्या व्हिसाचा एक आठवडा उरला होता, तोही संपला. एअरपोर्टवर मी रडलो, तीच मला समजावत होती.

महिन्याभराने नियम आले. मी ओरडतच फोन केला, "अम्मा, यल्ला, बॅग भर!"

"आता कशी येऊ? नव्या कोंबड्या आणल्यात, दोन खुडूक बसल्यात."

"अगं, कोंबड्यांसाठी थांबतेस?"

"थांबायची सवय आहे मला. दर ईदला घरी येईन म्हणाला होतास, बारा वर्षं झाली. कायदा तुझाच ना? मग तो लागू कधी?"

"येतो, अम्मा. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तर आहेच, बाबा. तारीख सांग."