वन्संचं पहिलं ‘नको’

आमच्या वन्संना काहीही विचारा, पहिलं उत्तर ‘नको’. चहा ठेवू? नको. उशी देऊ पाठीला? नको, मी अशीच बरी. दुसऱ्यांदा विचारलं की ‘कशाला उगाच’. आणि तिसऱ्यांदा विचारलं की ‘आता इतकं म्हणतेसच तर’. मग कपभर चहा, आणि वर साखर कमी पडल्याची तक्रार. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माहेर देवासचं, सासर धारचं. आता त्या नाहीत, म्हणून हे बिनधास्त लिहिते. असत्या तरी लिहिलं असतं.

मी टोंकखुर्दची. आमचं शेतीवाडीचं घर, तिथे कुणी विचारत नसे, ताटात वाढून मोकळे होत. लग्नानंतर वन्सं पहिल्यांदा आल्या तेव्हा मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या, मी पातेलं उतरवून ठेवलं. थोड्या वेळाने नवरा स्वयंपाकघरात आला.

“अक्का चहाची वाट बघतेय.”

“त्या नको म्हणाल्या.”

“अगं, ते पहिलं होतं!”

तेव्हापासून मी शिकले. पण सगळी दुनिया थोडीच शिकते. बागलीला एका लग्नात लाडूवाल्याने एकदा विचारलं, वन्सं नको म्हणाल्या, तो पुढे गेला. घरी येऊन त्यांनी माझ्याकडे दहीपोहे मागितले. “विचारलं काय, पळाला काय! मागे कुत्रं लागलं होतं का मेल्याच्या?” मी म्हटलं, घ्यायचा होता ना लाडू. तर म्हणाल्या, “आपण होऊन? मी काय हावरट आहे?”

त्यांचा एकुलता एक मुलगा सुधीर कॅनडात. यजमान गेल्यावर वन्सं धारला एकट्याच राहत. एकदा न्हाणीघरात पडल्या आणि शेजारीण येईपर्यंत तिथेच पडून होत्या. त्यानंतर सुधीर आला आणि आम्हा दोघींना मुंबईहून जहाजावर फिरायला घेऊन गेला. हेतू मला ठाऊक होता. आईला तिकडे नेण्याचं विचारायचं होतं. वन्संना जायचं होतं, हेही मला ठाऊक होतं. वर्षभर लोकरीचे मोजे विणत होत्या. धारला एवढे मोजे कोण घालतं?

जहाजावर रात्रीचं टेबल नेमलेलं असे, पण दिवसा कुठेही जेवा. तिथेच आमचं घोडं अडलं. वरच्या मजल्यावर बुफे होता. मला तो आवडला, बघायचं आणि घ्यायचं. वन्संना पटेना. “वाढणारा नाही ती पंगत कसली? जास्त घेतलं तर लोक बघतात, कमी घेतलं तर आपण उपाशी.” पोहण्याच्या तलावापाशी सँडविच मिळत, तर म्हणाल्या, “ओल्या चड्डीतल्या बाप्यांजवळ बसून मी अन्न खाणार नाही.” शेवटी पहिल्या दुपारी बुफेतच बसलो. त्यांच्या ताटात दोन काकड्या.

तिथेच सुधीरने विचारलं, “आई, माझ्याकडे येतेस कायमची?”

“नको रे बाबा. मला माझं धारच बरं.”

“ओके आई. तुझी मर्जी,” असं म्हणून तो नूडल्स आणायला गेला.

वन्सं काकडीकडे बघत राहिल्या. माणूस पाण्यात पाय घसरल्यावर दिसतो, तशा दिसत होत्या. संध्याकाळी खोलीत आल्यावर मी विचारलं, “वन्सं, जायचंय ना तुम्हाला?” तर म्हणाल्या, “त्याला नको असेल. असती इच्छा तर सोडलं असतं का एवढ्यावर?”

दुसऱ्या दुपारी आम्ही खालच्या जेवणघरात गेलो. तिथे पांढऱ्या कपड्यांतले लोक वाढायला येतात. एकाने पुरीची टोपली पुढे केली. वन्सं त्याला हिंदीत म्हणाल्या, “नहीं भिया, बस.”

तो हसला. “भिया? माँजी, इंदौर तरफ के हो क्या?”

“देवास-धार. और तुम?”

“रतलाम का हूँ, माँजी. एक पुरी तो लेनी पड़ेगी.”

“अरे, कायको...”

“मेरी कसम है आपको. गरम है, मेरे हाथ से लो.”

“अब इतना बोल रहे हो तो,” म्हणत वन्संनी दोन घेतल्या. मग भाजी, मग श्रीखंड. प्रत्येकाला तेच नाटक आणि दोघेही खूश. दिवसाचं जेवण कुठे हा प्रश्न सुटला. उरलेले सगळे दिवस त्या रतलामवाल्याचंच टेबल.

त्याच दुपारी वन्सं हात धुवायला गेल्या तशी मी सुधीरला धरलं. “बघितलंस? तो परका माणूस आहे, पण त्याला कळतं.”

“काय कळतं, मामी?”

“की तुझ्या आईचं पहिलं ‘नको’ हे उत्तर नसतं. ती तुला जोखते. तू एकदा विचारून नूडल्स आणायला गेलास, गाढवा.”

“पण ती नाही म्हणाली ना? जबरदस्ती कशी करू?”

“जबरदस्ती नाही रे, आग्रह! शाळा इंदूरला, नोकरी कॅनडात, तुला हा शब्दच कुणी शिकवला नाही. घरी तुझी बायको हो म्हणालीय ना?”

“तिनेच खोली लावून ठेवलीय.”

“मग विचार. आणि तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय उठू नकोस.”

वन्सं आल्या. सुधीरने विचारलं. वन्सं म्हणाल्या, “कशाला उगाच तुम्हाला अडचण.” त्याने माझ्याकडे बघितलं, मी ताटात बघितलं. मग तो म्हणाला, “आई, तू न्हाणीघरात पडली होतीस हे मला शेजारणीकडून कळलं. मला झोप येत नाही. चल ना.” हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

“आता इतकं म्हणतोसच तर,” वन्सं म्हणाल्या, आणि रतलामवाल्याला हाक मारून पापड मागवला. न विचारता.

वन्सं कॅनडाला निघायच्या दिवशी मी इंदूरच्या विमानतळावर गेले. सुधीर पुढे दाराशी पासपोर्ट दाखवत होता. मी म्हटलं, “वन्सं, तिकडे नाही करमलं तर देवास आहे. माझ्याकडे या, कायमच्या.”

“नको गं,” त्या म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. पिशवीसुद्धा खाली ठेवली.

माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात मी एकटी. त्या आल्या असत्या तर आम्ही रोज भांडलो असतो आणि दिवस बरा गेला असता. अजून दोनदा विचारायची खोटी, वन्सं माझ्याबरोबर टॅक्सीत बसल्या असत्या, आणि मुलगा तसाच एकटा विमानात.

मी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. “बरं. निघा मग, तो थांबलाय.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “भलती कठोर आहेस हं तू,” म्हणाल्या, माझ्या गालाला हात लावला आणि आत गेल्या.

मी बाहेर येऊन देवासची बस धरली.