पोरीचं पोट आणि घरचं दूध

माझी मुलगी चार वर्षांची होती त्या वर्षी सकाळी डोळे उघडले की माझ्या मनात देवाच्या आधी तिची शी यायची. आज झाली नाही तर चौथा दिवस. झालेल्या दिवसावर मी कॅलेंडरात फुली मारायचे आणि फुल्या फार थोड्या होत्या.

तिसरा-चौथा दिवस आला की ती पलंगाची कड धरून टाचा उंचावून उभी राहायची. पाय एकमेकांत घट्ट अडकवलेले, तोंड लालबुंद. आम्हाला वाटायचं, बिचारी जोर करतेय. "कर बाय, कर," म्हणत मी पाठीवरून हात फिरवायचे. शेवटी व्हायची तेव्हा दगडासारखा खडा, त्यावर रक्त, आणि ती असा टाहो फोडायची की गोठ्यातल्या गाई माना वर करून बघायच्या.

इंदापूरजवळच्या वरकुट्यात आमच्या अकरा गाई आहेत. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्टला, आठवड्यातून दोनदा घरी येणार. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी, पोरगी आणि माझे सासरे, आबा. दोन वेळच्या धारा, शेण, मुरघासाचा चारा आणि वर हे दुखणं. मी इतकी दमलेली असायचे की केस विंचरायचाही कंटाळा यायचा.

आजारी पोर दिसलं की गावात सगळेच डॉक्टर. भिजवलेल्या मनुका झाल्या, पपई झाली. शेजारच्या काकूंनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आत घातला. पाय मीच धरले होते. पोरगी मोकळी झाली खरी, पण त्यानंतर संडासाचं नुसतं दार दिसलं तरी माझ्या मांडीला मिठी मारून किंचाळायला लागली.

मग बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "ही जोर करत नाही हो, रोखून धरते. एकदा दुखलं म्हणून आता येऊच देत नाही. जितकं धरेल तितका खडा मोठा, आणि तितकं जास्त दुखणार."

इतके दिवस मी तिला "कर, कर" म्हणत होते, आणि ती बिचारी सगळी ताकद लावून न करण्याचं बघत होती.

"दूध किती पिते?" बाईंनी विचारलं.

मी ताठ बसले. "घरचंच हाय. सकाळी दोन पेले, दुपारी एक, सांजच्याला दोन."

"मग जेवते कधी?"

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. दूध एका-दीड पेल्यावर आणा, भाकरी-भाजी, फळं, पाणी वाढवा. औषध रोज द्यायचं, कितीतरी महिने लागेल, मनानं बंद करायचं नाही. जेवण झालं की दहा मिनिटं बसवायचं, पायांखाली आधार द्यायचा. देठ-बीठ काही घालायचं नाही. आणि रागवायचं नाही. एवढं सगळं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर दुधाचं सांगितलं तर आबा भडकले. "आमच्या दुधाला गावात सगळ्यात जास्त फॅट लागती. त्या दुधानं पोर आजारी पडतंय व्हय? पिशवीतलं पिणाऱ्यांनी आमाला शिकवू नये." आमच्या घरात धार निघाली की पहिला पेला लेकराचा, मग डेअरीचा कॅन. माझा नवरा याच पेल्यावर वाढला आणि दारातून वाकून यावं लागतं एवढा झाला. आबांना दुसरा पुरावा नको होता.

तीन आठवडे बरे गेले, फुल्या वाढल्या. मग एका संध्याकाळी पोरगी गोठ्यातून आली ती वरच्या ओठावर पांढरा फेस घेऊनच. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. सासऱ्यांपुढे तोंड कसं उघडायचं, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. दूध पोटात गेलं की ती तासभर किरकिर करायची नाही, आणि तेवढ्यात माझ्या भाकऱ्या व्हायच्या. मी पदरानं तिचा ओठ पुसला आणि तव्याकडे वळले. दुसऱ्या दिवशीही पुसला. मग रोजच.

पुढच्या महिन्यात तिच्या चड्डीला पातळ डाग लागायला लागले. दिवसातून तीनदा, चारदा. औषध जास्त झालं, हगवण लागली, असं समजून मी ते बंद केलं. डाग थांबले नाहीत. अंगणवाडीच्या ताईंनी निरोप पाठवला, वास येतो, थोडे दिवस घरीच ठेवा.

एके दुपारी चार चड्ड्या धुऊन वाळत घातल्या होत्या. गाय व्यायला झालेली, मला सकाळपासून चहासुद्धा मिळालेला नव्हता. पोरगी पाचवी चड्डी हातात घेऊन समोर उभी राहिली. "आई, मला कळलंच न्हाय."

"कळत न्हाय? एवढी घोडी झालीस अन् कळत न्हाय?" मी एक पाठीत घातली आणि एक गालावर. ऊठसूट रडणारी पोर त्या दिवशी रडली नाही. चड्डी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

त्या आठवड्यात परत बारामती. या खेपेला आबाही बरोबर आले, टोपी घालून तपासायच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. बाईंनी पोट दाबून पाहिलं. "हगवण नाही ही. आत मोठा खडा अडकलाय, त्याच्या कडेनं पातळ झिरपतंय. तिला खरंच कळत नाही हो."

बाई औषधाचा वाढीव डोस लिहीत होत्या आणि मी पोरीच्या त्या गालाकडे बघत होते. लाज वाटली, दुसरं काही नाही.

परतीच्या एसटीत पोरगी माझ्या मांडीवर झोपली. खिडकीबाहेर बघत आबा म्हणाले, "पेला म्याच देत हुतो."

"मला ठावं हुतं, आबा."

इंदापूर आलं तसं आबांनी झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं.

परत पहिल्यापासून सुरुवात. आधी खडा मोकळा होईपर्यंतचे घाण दिवस, मग रोजचं औषध. आबांच्या गुडघ्यांसाठी बांधलेला इंग्लिश संडास होता, त्यावर तिचे पाय लोंबकळायचे. म्हणून गाईंच्या मिनरल मिक्श्चरची रिकामी बादली पालथी घालून तिच्या पायांखाली ठेवली. जेवण झालं की ती वर आणि मी समोर उंबऱ्यावर. बहुतेक दिवस काहीच व्हायचं नाही. मी भिंतीला डोकं टेकून पेंगायचे, ती माझ्या बांगड्या फिरवत बसायची. असे चार महिने गेले. ओठावर फेस पुन्हा दिसला नाही.

एका सकाळी अशीच पेंगत होते, तर तिनं माझं मनगट दाबलं. "झाली," म्हणाली. मऊ झाली होती. रक्त नाही, रडणं नाही. त्यानंतरचे तीन दिवसही तसेच गेले आणि चड्ड्या कोरड्या राहिल्या. चौथ्या दिवशी मी तिला धूत होते तेव्हा तिनं कोरड्या चड्डीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता मारणार न्हाईस?"

"न्हाय."

"कळलं न्हाय तरी?"

"तरी न्हाय."

इतके महिने मी समजत होते की ती दुखण्याला घाबरते. तिनं थोडा विचार केला. "आबांच्या म्होरं म्हण."

आबा गोठ्याच्या दारात दोरखंडाला गाठ मारत बसले होते. सून म्हणून आठ वर्षं झाली होती, पण मी त्यांच्यापुढं माझी चूक कधी कबूल केली नव्हती. पोरीनं माझं बोट धरून मला तिथं उभं केलं.

"आबा, मी हिला मारलं हुतं. हिची चूक न्हवती. आता न्हाय मारणार."

आबांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली नाही. पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"परत म्हण."

मी परत म्हटलं.